पावरची गोळी आणि शांताची सुई

‘पावरची द्या.’

हे दोन शब्द मी आयुष्यात जितके ऐकले, तितकं माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. बुलढाण्याच्या बाजारात एका मेडिकलवर माझा जन्म गेला. मालक औषधांचं शिकलेले, भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट. मी चौथीपर्यंत गेलेला, भिंतीवर माझं काही नाही. गिऱ्हाईकाची चिठ्ठी घ्यायची, मालकांना दाखवायची, ते सांगतील तो डबा फळीवरून काढायचा, आणि गोळी कधी व कशी घ्यायची हे समोरच्याच्या डोक्यात शिरेपर्यंत सांगायचं, एवढं माझं काम. इंग्रजी अक्षरं मी डब्यांवरूनच शिकलो. या अंकवाल्यांनी ‘तुमचे अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा मी एकच अट घातली. शुद्धलेखन पाहिजे तेवढं सुधारा, माझं म्हणणं सुधारू नका. मला ज्या गोष्टीचा राग आहे तिचा आहे, आणि तो या वयात कमी करायची माझी इच्छा नाही.

राग औषधावर नाही, हे आधीच सांगतो. सेफिक्झिम नावाची गोळी आहे, लोकांच्या ‘पावरच्या’ गोळ्यांतली एक. पोटात घ्यायची, जंतू मारायची. टायफॉईडला डॉक्टर देतात, लघवीच्या जळजळीला देतात, कान फुटला, घशात पू झाला तर देतात. तापानं पेंगलेलं लेकरू या औषधानं उठून भाकर मागताना मी पाहिलं आहे. अशा औषधाला मी शिव्या देणार नाही. शिव्या द्यायच्या त्या आपल्या लोकांना.

आपला माणूस मेडिकलवर येतो तो असा.

‘काय होऊन राह्यलं?’ मी विचारायचो.

‘सर्दी.’

‘कधीपासून?’

‘सकाळपासून. पावरची द्या भाऊ, म्हणजे सांजेलोक मोकळा.’

‘चिठ्ठी?’

‘सर्दीले चिठ्ठी लागते काय?’

आता या माणसाला काय सांगायचं? मालक बिचारे समजावून सांगायचे की सर्दी ज्यानं होते तो विषाणू वेगळ्या जातीचा असतो, या गोळीला तो भीक घालत नाही. सर्दी चार दिवस नाक गाळते आणि आपल्या पायानं निघून जाते. पण त्या चार दिवसांत कोणी पावरची गोळी खाल्ली असेल तर सर्दी जाते आणि सत्कार गोळीचा होतो. मग तो माणूस गावभर सांगत सुटतो. आमचे मालक चिठ्ठीशिवाय देत नसत, म्हणून आमचं दुकान ‘अडेल दुकान’ म्हणून प्रसिद्ध होतं. त्या नावाचा मला अभिमान आहे. त्यात माझाही वाटा होता.

एक जण बकरीसाठी मागायला आला होता. मी म्हटलं, गुरांच्या डॉक्टरकडं जा. तो म्हणाला, ‘बकरी माह्या पोरीवानी हाय.’ मी म्हटलं, ‘मग पोरीले ज्या दवाखान्यात नेतं त्या दवाखान्यात ने.’ त्यावर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

दुसरा एक जण लेकराच्या औषधाची बाटली घेऊन भांडायला आला. ‘बाटली अर्धीच भरेल हाय, अन् आत पीठच हाय. मले फसवता काय?’ लेकरांसाठी हे औषध पुडीसारखं कोरडं येतं. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं, गच्च हलवायचं, आणि दर वेळी देताना पुन्हा हलवायचं. खुणेपर्यंत पाणी गेलं की बाटली भरते. मी हे त्याला काउंटरवर बाटलीवर बोट ठेवून दाखवलं. जाता जाता तो म्हणाला, ‘पाणी माह्याच घरचं घालाचं तं तुमी कायचे पैसे घेता?’

अशी माणसं चालतात. त्यांच्यावर मी रागावलो, हसलो आणि विसरलो. पण एक रीत आहे तिला मी हसू शकत नाही.

डॉक्टर गोळ्या देताना सांगतात की ताप उतरला तरी सगळ्या संपवा. कारण असं की पहिल्या गोळ्यांनी मरतात ते कच्चे जंतू. चिवट असतात ते मागं राहतात, आणि अर्ध्यात सोडलं की तेच पुन्हा वाढतात, मग त्यांना तीच गोळी लागू पडत नाही. हे काही अवघड नाही. शेतात फवारा अर्धवट मारला तर कोणती अळी उरते हे आमच्या भाजीवाल्या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. पण तोच माणूस स्वतःच्या अंगाच्या बाबतीत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या स्टीलच्या डब्यात ठेवतो. डबा फडताळात जातो. मग शेजारीण येते. विरजण मागावं तशी गोळी मागते. ‘तुमच्याकडं ती लांबडी पांढरी गोळी असंन तं द्या जा, याच्या बापाले कसंतरी होऊन राह्यलं.’ आणि घरची बाई देते. नाही म्हटलं तर शेजारधर्म बुडतो ना.

याच शेजारधर्मानं माझी बहीण जवळजवळ मारली होती.

माझी धाकटी बहीण शांता देऊळघाटच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली आहे. भाजीपाल्याचं घर. मेथी, वांगी, कोथिंबीर. तिचा मुलगा गजानन रोज सकाळी पिकअपमध्ये भाजी भरून बुलढाण्याच्या बाजारात आणतो, आणि शांता बरेचदा त्याच्या शेजारी बसून येते, कारण भाव करायला तिचा स्वतःशिवाय कोणावर भरवसा नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही, पण काट्यावर तिला फसवून दाखवा.

आता सुईचं सांगतो. शांताचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. कापणीत तिच्या पायाला विळा लागला, जखम चिघळली. गावातल्या डॉक्टरनं पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं. सुई काढली आणि शांता पाटावरच कोसळली. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, नाडी लागेना. त्या डॉक्टरनं धावाधाव करून कशी तरी वाचवली. घरी आणली तेव्हा आमच्या घरादाराचा एकच निकाल झाला: ‘शांताले सुई चालत नाही.’

निकाल लागला तो लागला. सुईत काय होतं हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरनं सांगितलंही असेल, पण आमच्या कानानं सुई तेवढी धरली. त्यानंतर शांतानं सुई टोचून घेतली नाही. बाळंतपणात नाही, कुत्र्याचं नख लागलं तेव्हा नाही. दवाखान्यात गेली की आधीच सांगायची, ‘डॉक्टरसाहेब, गोळ्या द्या, सुई नोको. सुईचं मले वावडं हाय.’ आणि डॉक्टर हसून गोळ्या लिहून देत. कित्येकांनी मान डोलावली, कोणत्या सुईचं हे एकानं विचारलं नाही. बाहेर गर्दी असते, कबूल. पण एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो? सुई ही नुसती नळी आहे. पेल्यातून काही वाईट प्यायला मिळालं तर आपण जन्मभर पेला टाळतो काय? आम्ही टाळला. सगळ्या घरानं मिळून टाळला. मी जन्मभर औषधांच्या फळ्यांखाली उभा राहिलो, पण आपल्या घरातलं वाक्य तपासून पाहावं असं कोणाला वाटतं?

गेल्या हिवाळ्यात शांताला सर्दी झाली. नुसती सर्दी. घसा खवखवत होता. सकाळी भाजीच्या जुड्या बांधत असताना शेजारची द्वारकाबाई आली, हिचा आवाज ऐकला आणि आपल्या डब्यातली गोळी आणून दिली. द्वारकाबाईला दिवाळीच्या आधी लघवीचा त्रास झाला होता, तेव्हा डॉक्टरनं लिहून दिलेल्या होत्या. बरं वाटल्यावर तिनं उरलेल्या ठेवल्या होत्या. शांतानं गोळी घेतली, वर चहा घेतला, आणि पिकअपमध्ये गजाननच्या शेजारी बसली.

बुलढाणा जवळ आलं तशी ती अंग खाजवायला लागली. मग म्हणाली, गळा कोणी आवळल्यासारखं होते. गजाननला वाटलं, सर्दीनं असेल. शहराच्या तोंडाशी तिचा चेहरा त्यानं पाहिला आणि बाजाराचा रस्ता सोडून गाडी सरळ सरकारी दवाखान्यात घातली. तिथून मला फोन केला. ‘मामा, मायचं तोंड सुजलं. लवकर या.’ माझं घर तिथून जवळ आहे. मी चपला घातल्या की नाही, मला आठवत नाही.

मी पोचलो तेव्हा शांता खाटेवर होती. डोळे सुजून बंद व्हायला आलेले, छाती भात्यासारखी, आणि श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, बरोबर सिस्टर. नाकाला ऑक्सिजन लावलेला. गजाननच्या हातात गोळ्यांची पट्टी होती, द्वारकाबाईनं दुपारसाठी म्हणून एक गोळी पट्टीसकट दिली होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टी पाहिली. ‘सेफिक्झिम,’ त्या म्हणाल्या. ‘आधी कधी एखाद्या औषधाची रिअॅक्शन आली होती का?’

‘औषधाची नाही मॅडम,’ गजानन म्हणाला. ‘सुईची आली होती. तिले सुई चालत नाही.’

सिस्टरनं तेवढ्यात इंजेक्शन भरलं होतं. शांताला डोळ्यांच्या फटीतून ते दिसलं असावं. तिनं हात मागं घेतला, पाय आखडले, मान जोरजोरात हलवली. बोलता येत नव्हतं. गजानन खाटेच्या आणि सिस्टरच्या मधे जाऊन उभा राहिला.

‘सुई नोको मॅडम. दुसरं काहीही द्या. गोळी द्या, सलाईन लावा.’

‘अहो, सलाईनलाही सुईच लागते,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘बाजूला व्हा. हे अॅड्रेनॅलिन आहे. मांडीत द्यायचं आहे, आत्ता द्यायचं आहे. त्यांचा गळा आतून बंद होतो आहे.’

‘ते मान्य हाय. पन एकदा ती सुईनंच मरता मरता वाचली. उद्या काही झालं तं मी घरी काय सांगू?’

आपल्या आईला वाचवण्यासाठी तो तिच्या जिवाच्या आड उभा होता. पोरगा वाईट नाही. त्याला लहानपणापासून जे शिकवलं ते तो करत होता, आणि शिकवणाऱ्यांत त्याचा मामाही होता. त्या क्षणी ते वाक्य माझ्याही जिभेवर आलं होतं, हे मी नाकारत नाही. शांताले सुई चालत नाही. पण शांताचे ओठ निळे पडत चालले होते. आमचं वाक्य खरं असो की खोटं, त्यावर पंचायत भरवायला आता जागा नव्हती. समोर शिकलेली बाई होती आणि ती सांगत होती की वेळ नाही.

मी गजाननची गचांडी धरली. ‘हट बे.’

‘मामा, तुमाले माहीत हाय ना...’

‘मले काही माहीत नाही. तुलेबी माहीत नाही. हट.’ आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, ‘मी हिचा मोठा भाऊ. मी सांगतो. टोचा.’

शांतानं माझ्या सदऱ्याची बाही धरली होती. ती मला थांबवण्यासाठी धरली होती. मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले आणि सिस्टरनं लुगड्यावरूनच मांडीत सुई घातली. माझ्या बहिणीनं माझ्याकडं असं पाहिलं की देवानं तसं पाहणं वैऱ्याच्याही वाट्याला देऊ नये. मी मान वळवली नाही. अडेलपणा माझ्यात पहिल्यापासून आहे, त्या दिवशी तो उपयोगी पडला.

थोड्या वेळानं शिट्टी बारीक झाली. मग थांबली. ओठांवर रंग आला. तिनं मोठा श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलली, ‘गज्या, मेथी सुकंन. गाडी सावलीत लाव.’

गजानन भिंतीला टेकून रडत होता, तो तसाच गाडीकडं पळाला.

झटका पुन्हा येऊ शकतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. मग मला आणि गजाननला बसवून सगळं विचारलं. विळ्याची जखम, इंजेक्शन, कोसळणं. ऐकून त्या म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांना पेनिसिलीन चालत नाही. सुईचा काय संबंध?’ ही दोन औषधं दूरची नातेवाईक आहेत असं त्यांनी समजावलं. पेनिसिलीन न चालणाऱ्या बहुतेक लोकांना सेफिक्झिम चालते, घाबरून जायचं कारण नाही. पण एखाद्यालाच ती भोवते, आणि ज्याला आधी असा जिवावरचा झटका आलेला आहे त्याला डॉक्टरनं सगळं ऐकून घेतल्याशिवाय ती देऊ नये. ‘आणि सर्दीला तर याची गरजच नव्हती,’ त्या म्हणाल्या.

गरजच नव्हती. हे ऐकून माझं जे डोकं फिरलं ते आजपर्यंत जाग्यावर आलेलं नाही. टायफॉईड असता, जीव वाचवायला दिली असती, आणि मग भोवली असती, तर मी म्हटलं असतं नशीब. इथं तर नाक गळत होतं.

दुपारी द्वारकाबाई आली. हातात डबा, त्यात शांतासाठी मऊ खिचडी. तोंड मात्र फुगलेलं.

‘मी तं चांगल्यासाठी देल्ली होती भाऊ. मले त्याच गोळीनं आराम पडला.’

‘तुमाले चश्मा लागला हाय ना, बाई?’

‘हाव.’

‘तो शांताले घालायले देसान काय?’

‘देतो ना. सुईत दोरा ओवाले तिले माहाच देतो.’

शांता खाटेवर पडल्या पडल्या हसली, मग खोकली, आणि सिस्टर मलाच रागावली की पेशंटशी बोलू नका.

घरी नेल्यावर मी शांताला दोन नावं पाठ करायला लावली. पेनिसिलीन आणि सेफिक्झिम. गजाननला सांगून भागलं असतं, त्याच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवता आलं असतं. पण गजानन प्रत्येक वेळी बरोबर असेलच असं नाही, आणि अंग शांताचं आहे. पहिल्या दिवशी तिची जीभ वळेना. दुसऱ्या दिवशी मेथी खुडताना ती मंत्रासारखं म्हणत होती, आणि मधेच थांबून माझ्याकडं पाहून म्हणाली, ‘दादा, इतके वर्षं मी सुईले भेत राह्यलो. पोटुशी असताना भेलो, कुत्र्याचं नख लागलं तवा भेलो. सुईत काय होतं हे मले कोनीच काऊन नाही सांगतलं?’

मी जुडी बांधत होतो, ती बांधत राहिलो. ती तसं मलाच म्हणाली असं नाही, असं मी मानतो.

द्वारकाबाईच्या डब्यात आता काय आहे हे मी विचारत नाही. परवा तिच्याच घरातून एक जण मला विचारायला आला की ‘शांतामावशीले ती गोळी चालली नाही हे खरं, पन मले चालंन ना?’ त्याला मी काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की त्याला मी डॉक्टरकडं पाठवलं, आणि तो गेला नाही.

या उन्हाळ्यात शांताच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनसाठी तिला घेऊन गेलो. भरती करताना सिस्टर हातात पेन घेऊन आली. म्हातारी अडाणी दिसते म्हणून तिनं प्रश्न मला विचारला, ‘बाबा, आजींना कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का?’

मी तोंड उघडायच्या आत शांता बोलली. ‘त्याले काय इचारतं बाई, मले इचार. मले पेनिसिलीन चालत नाही. सेफिक्झिम चालत नाही. दोन्ही लिही, मोठ्या अक्षरात लिही. अन् तुया डॉक्टरलेबी तोंडानं सांगजो.’

सिस्टरनं लिहिलं. मग जरा बिचकत म्हणाली, ‘आजी, एक इंजेक्शन द्यावं लागेल बरं का.’

शांतानं बांगड्या कोपराकडं सरकवल्या, हात टेबलावर पसरला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, ‘दादा, तू बाहेर बस. तुयानं पाहवनार नाही.’

मी बाहेर जाऊन बसलो.